हुंगवणं

वहीत सोळा मुलं आहेत.
सगळी देवगड तालुक्यातली. हर्निया, टॉन्सिल,
एकाच्या नाकात अडकलेला चिंचोका.
कुणालाच आधी कधी आकडी आलेली नाही.
मास्कला मी स्ट्रॉबेरीचा वास चोळते,
पिवळ्या डब्याची चकती फिरवते,
सेवोफ्लुरेन,
आणि कपाळावर चिकटवलेल्या चार तारांतून
मेंदू काय म्हणतो ते कागदावर घेते.

पाच जणांच्या कागदावर काटे उठले,
पेडव्याचे असतात तसे, बारीक आणि दाट.
अंग मात्र शांत. बोट हललं नाही,
डोळा फिरला नाही.
जागी झाली आणि पेप्सीकोला मागू लागली.
रडत, धापा टाकत आत आलेल्यांत काटे जास्त,
असं मला वाटतं.
शोधनिबंधात असं वाटून चालत नाही.

मुंबईच्या समितीने विचारलं होतं:
याच घराण्यातला दुसरा वायू आकडी थांबवतो
आणि हा ती पेटवतो, असं आपलं म्हणणं आहे काय?
म्हणणं नव्हतं. कागद होते.

सतरावी कस्तुरी धुरत, वय नऊ.
खरं तर ती वहीत बसत नाही, तिला आकडी होतीच.
सकाळी सातला आली ती थांबली नाही.
जीपमध्ये सगळा वेळ आत्याने
फोडलेला कांदा तिच्या नाकाशी धरलेला.
सिस्टरने तो हिसकावून बादलीत टाकला,
वर चार शब्द सुनावले.
मी काही बोलले नाही.
माझाही सगळा धंदा नाकावाटेच चालतो.

शिरेतून तीन औषधं गेली. चौथं गेलं.
कोल्हापूर घाटापलीकडे, आणि घाटात दरड.
तेव्हा थिएटरमधलं यंत्र ढकलत वॉर्डात आणलं,
एक चाक अडकतं, तेवढं उचलून.
घशात नळी. या वेळी जांभळा डबा,
आयसोफ्लुरेन.
एक टक्का. सव्वा. दीड.
खिडक्या सताड उघड्या, नाहीतर आम्हीच पेंगलो असतो.

कागदावर माजलेलं रान
विरळ झालं. मग सपाट.
मग दहा सेकंदांनी एक उसळी, पुन्हा सपाट.
ओहोटीला खडपात अडकलेलं पाणी
उगाच एकदा हलतं, तसं.

बाप पुंडलिक, बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात
कॉम्प्रेसर सांभाळतो.
हातांना अमोनियाचा वास, साबणाला दाद न देणारा.
त्याने दोन्ही डबे पाहिले.
पिवळो कित्याक, म्हणाला.
सांगितलं. लपवून काय करायचं.
ह्याच्याने कधी कधी मेंदूत ठिणग्या उडतात,
त्याच्या भावाने विझतात.
का, ते नीटसं मलाही माहीत नाही.
वाटलं, आता उठेल, ओरडेल.

"आमचो गॅस पण तसोच," तो म्हणाला,
"दाबलो काय तापता,
सोडलो काय बर्फ करता. गॅस तोच."
आणि थोड्या वेळाने,
"फुटलो तर डोळे घेता."

समितीला मी तीन पत्रं लिहिली होती.

पहाटे चकती मागे घ्यायला लागले.
सव्वा. एक. पाऊण.
खाली जेटीवर लाँच लागल्या होत्या, लिलावाचा गलका,
त्यात आज कॉम्प्रेसर दुसरंच कुणी चालवत असणार.
अर्ध्यावर एक काटा उठला. एकच.
मी हात थांबवला.
पुंडलिक कागदाकडे बघतच नव्हता,
त्याची नजर तिच्या पायाच्या अंगठ्यावर.
दाराशी आत्या. पदराखाली काहीतरी गोल.
सिस्टरला दिसलं होतं. ती सलाईन मोजत राहिली.

वहीत लिहिलं: नोंद सतरा, वगळावी.
मग "वगळावी" खोडलं.
पुन्हा अर्धा टक्का. वाट बघणं.
दुसरा काटा
अजून उठलेला नाही.